कोणाच्या हातचा टाका

"मशीन बिघडलंय तुमचं, सिस्टर, दुसरं काही नाही. माझा माणूस जाऊन बारा वर्षं झाली. त्यानंतर घरात पुरुष म्हणून आला तो फक्त गॅसवाला, तोही उंबऱ्यापर्यंत. आणि हा कागद म्हणतो पॉझिटिव्ह. काय हवेतून आलं?"

"हवेतून नाही येत. अक्का, तुम्ही आधी बसा."

"बसायला वेळ नाही मला, अर्धी सुट्टी टाकून आलेय. तुम्ही तेवढं नाव बघा परत. अदलाबदल झाली असेल. आमच्या कारखान्यात रोज होते. एकीचं बंडल दुसरीच्या टेबलावर जातं आणि शिव्या तिसरीला बसतात."

दवाखान्यातल्या सिस्टरांनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन कागद पुन्हा पाहिला. नाव तेच होतं, वयही तेच होतं.

"तुमचाच आहे. आणि घाबरण्यासारखं यात काही नाही. अंगावरून पांढरं जातं म्हणून आला होतात तेव्हा गर्भाशयाच्या तोंडावरून जो नमुना घेतला ना, त्यात एचपीव्ही नावाचा विषाणू सापडलाय. पेशी मात्र चांगल्या आहेत. कॅन्सर नाही, त्याच्या आधीचा बिघाडही नाही. एक वर्षाने यायचं, परत बघायचं. एवढंच."

"पण आला कुठून?"

"आला असेल कधीतरी. तरुणपणी. संबंधातून येतो हे खरं, पण तो इतका सगळीकडे पसरलाय, की बहुतेक बायापुरुषांना आयुष्यात कधी ना कधी होऊनच जातो. बहुतेकांचा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो, कळतही नाही. काहींचा जात नाही. शरीर त्याला कोपऱ्यात गप्प बसवून ठेवतं. मग वय झालं, की कधीकधी तो पुन्हा डोकं वर काढतो. वीस वर्षांनीसुद्धा."

"वीस वर्षं गप्प?"

"गप्प."

अक्का शेवटी खुर्चीवर टेकली. "म्हणजे आमच्या माणसाने आणला म्हणायचा."

"असेल, नसेलही. त्यालाही लग्नाआधी कधी लागला असेल, त्याचा त्यालाही पत्ता नसेल. कोणाकडून आला आणि कधी आला, हे सांगणारी तपासणीच नाही."

"चांगला माणूस होता हो तो."

"मग चांगलाच होता. या कागदाने त्याच्यात काही कमी होत नाही."

अक्काने कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"एक विचारते, सिस्टर. समजा एखादीला असंच आलं. तिचा नवरा आहे, हिंडताफिरता आहे, कामासाठी अधूनमधून बाहेर मुक्काम असतो. मग तर त्याचंच असणार की."

"आत्ता काय सांगितलं मी? नाही सांगता येत. कोण ही एखादी?"

"आहे एक."

"तिला परत बोलावलं होतं?"

"वर्षाने या म्हणले होते."

"आली होती?"

अक्काने घडी केलेला कागद पिशवीत टाकला.

"झाली किती वर्षं?"

"चार."

सिस्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तिला घेऊन या. उद्याच या. बहुधा काही नसेल. पण तो विषाणू तिथेच ठाण मांडून बसला असेल, तर पेशी बदलायला लागतात. सावकाश बदलतात, म्हणून तर आपल्या हाताशी वेळ असतो. तो असा घालवायचा नसतो, अक्का."

ती एखादी म्हणजे अक्काची सख्खी धाकटी बहीण.

अक्काचा कारखाना शर्टांचा. लांबच लांब शेड, वर ट्यूबलाइटी, खाली मशीनच्या दोन रांगा. एक जण कॉलर लावते, एक बाह्या, एक कफ, एक काजं करते, आणि असा तुकड्यातुकड्याने पुढे सरकत शर्ट शेवटच्या टेबलावर येतो. त्या टेबलावर अक्का. शर्ट उलटा करायचा, आधी कॉलर, मग खांद्याची शिवण, मग बाही, मग काजं, मग खालची पट्टी. सुटलेला टाका, चुणी, तेलाचा डाग, काहीही सापडलं की शर्ट बाजूला. रांगेतल्या पोरी तिला तोंडावर अक्का म्हणत आणि पाठीमागे दुर्बीण.

तिची खरी ऐट दोष शोधण्यात नव्हती. दोष काय, कोणालाही दिसतो. टाका बघून ती हात ओळखायची. शिवण शेवटाला केसभर ओढली गेली, की ती डावखुरीची. टाके आवळून पडलेत, की ती घरून भांडून आलीय. एकदा तिने एका काजंवालीला विचारलं, "काय गं, सासू आली वाटतं राहायला?" आणि ती आदल्या दिवशीच आली होती. तेव्हापासून पोरी तिला वचकून असत. प्रत्येक चुकीला एक हात असतो आणि तो आपल्याला ओळखता येतो, यावर अक्काचा आपल्या डोळ्यांपेक्षा जास्त भरवसा होता.

आई लवकर गेली, तेव्हा धाकटी फ्रॉकातली होती. तिच्या वेण्या अक्काने घातल्या, नाक अक्काने पुसलं, कॉलरच्या मशीनवर तिला अक्कानेच बसवलं. स्थळही अक्काने शोधलं. कारखान्याच्या पेट्या गोदामाला पोचवणारा टेम्पोवाला, शांत, डोकं खाली घालून दोर बांधणारा. धाकटीला काही विचारलं, की उत्तर अक्का द्यायची. चहा घेशील का, असं कोणी धाकटीला म्हटलं, की अक्का म्हणायची, "घेईल ती, साखर कमी टाका." धाकटी हसून घ्यायची. तिला साखर जास्त लागायची, हे टेम्पोवाल्याला लग्नानंतर आठवड्यात कळलं. अक्काला अजून माहीत नाही.

मूलबाळ झालं नाही, पण दोघांचं बरं चाललं होतं. मुक्कामावरून तो परत यायचा, तेव्हा धाकटीची कॉलर त्या दिवशी सरळ बसायची. हे अक्कानेच कधीतरी चेष्टेने सांगितलेलं.

चार वर्षांपूर्वी कारखान्यात तपासणीची गाडी आली. जेवणघराच्या मागच्या खोलीला पडदा लावला आणि बायकांचे नमुने घेतले. काही आठवड्यांनी धाकटीचा कागद आला. घरातले सगळे कागद अक्काकडे जायचे, तसा तोही गेला. त्यावर पॉझिटिव्ह होतं, आणि हे संबंधातून येतं असंही होतं. पेशी चांगल्या आहेत, वर्षाने या, हे खाली होतं. अक्का तिथपर्यंत गेलीच नाही. शर्टात एक दोष सापडला की पुढचं कोण बघतं? तो बाजूला टाकायचा आणि हात शोधायचा.

हात शोधायला लांब जायची गरज नव्हती. जेवणाची सुट्टी होती. फाटकाशेजारच्या नळावर बायका डबे धूत होत्या आणि टेम्पोवाला पेट्यांवर ताडपत्री ओढत होता.

"जावईबापू," अक्का म्हणाली, "बाहेर कुठे तोंड घालता ते एकदाचं सांगून टाका. माझ्या बहिणीला रोग लावलात तुम्ही."

नळ चालू होता तो कोणीतरी बंद केला.

"काय बोलताय, अक्का?"

"कागद बोलतोय. मी वाचून दाखवतेय."

"मी काही केलेलं नाही."

"उसवलेल्या शिवणीला विचारलं तर तीही असंच म्हणेल. मी आयुष्यभर हेच काम करते. कोणाच्या हातचं, ते मला विचारायला लागत नाही."

त्याने अक्काकडे बघणं सोडून दिलं. धाकटी नळापाशी उभी होती, हातात ओला डबा. "तुला पण असंच वाटतं?" त्याने तिला विचारलं.

धाकटीने अक्काकडे पाहिलं.

"तिला काय विचारता, मला विचारा," अक्का म्हणाली.

त्याने दोराची गाठ पुरी केली, खेचून बघितली, आणि टेम्पो फाटकाबाहेर काढला.

लगेच काही मोडलं नाही. काही महिने तो घरी येत राहिला, जेवत राहिला, पण झोपायला टेम्पोत. मग दुसऱ्या गावच्या मालवाहतुकीत काम धरलं. मग कोणीतरी सांगत आलं, की तिकडे त्याने संसार मांडलाय, आणि पुढे मुलगी झाल्याचंही. अक्का म्हणाली, "बघ, बोलले होते ना. माझा डोळा चुकत नाही."

वर्ष झाल्यावर दवाखान्यातून फोन आला, परत तपासायला या. "जाऊ का?" धाकटीने अक्काला विचारलं.

"कशाला? ज्याने लावला तो गेला. आता काय राहिलंय? परत त्या लोकांपुढे जाऊन बसायचं आणि ते तोंडाकडे बघणार." रांगेतलं खराब मशीन उचलून नेलं की पुढचा माल चांगला निघतो, तसाच हिशोब. धाकटी गेली नाही. पुढे तिने कारखानाही सोडला, कारण ती नळावर गेली की बोलणं बंद व्हायचं.

आता ती शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका दुकानात होती. दुकानाच्या वर जिन्यालगत एक खिडकी, खिडकीशी मशीन, पायाशी निळ्या कापडाचा ढीग. अक्का दवाखान्यातून सरळ तिथे गेली.

"आज कारखाना बंद?" धाकटीने मशीन न थांबवता विचारलं.

"सुट्टी घेतली. धाकटे, मला आलंय."

"काय आलंय?"

"तुला आलं होतं तेच. पॉझिटिव्ह."

मशीन थांबलं. धाकटीने मान वर केली, अक्काकडे नीट पाहिलं, आणि म्हणाली, "मग? कोण आहेत नवे भाऊजी?"

अक्काने ते मुकाट्याने घेतलं. घेण्यासारखंच होतं. मग तिने सिस्टर काय म्हणाल्या ते सगळं सांगितलं. बहुतेकांना होतो, आपोआप जातो, वीस-वीस वर्षं गप्प बसतो, कोणाकडून आला ते कळत नाही. सांगताना ती खिडकीकडे बघत होती.

"म्हणजे त्याने काही केलं नव्हतं," धाकटी म्हणाली.

"ते कोणालाच सांगता येत नाही, असं म्हणाल्या त्या."

"मला सांगता येत होतं. माझ्या शेजारी झोपत होता तो. मला माहीत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलत होतीस ना."

खाली दुकानात कोणीतरी बटणांचा डबा सांडला आणि बराच वेळ बटणं घरंगळत राहिली.

"माझं चुकलं, धाकटे."

"चुकलं ते चुकलं. तू फाटकात बोललीस ते तुझं. मी डबा घेऊन उभी राहिले ते माझं. तुझं ओझं मी घेणार नाही आणि माझं तुला देणार नाही." तिने सुईत दोरा ओवायला घेतला. पहिल्यांदा चुकला. "चहा सांगू का?"

"आधी उद्या दवाखान्यात चल."

"आता जाऊन काय करायचं?"

"तपासायचं. चार वर्षं झाली. मीच जाऊ दिलं नाही तुला."

धाकटीने दोऱ्याचं टोक ओलं करून पुन्हा ओवलं. मग हळू आवाजात म्हणाली, "मधेच डाग पडतात, अक्का. पाळी नसताना. म्हणलं वय होत आलं, पाळी जायची वेळ झाली असेल."

"किती दिवस?"

"बरेच."

अक्काचा हात आपोआप तिच्या डोक्यावर गेला, वेणी घालायचा असल्यासारखा. धाकटीने डोकं बाजूला केलं नाही, पण झुकवलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी धाकटीला समोर बसवलं. "पाळी कधी आली होती शेवटची?"

"मागच्याच महिन्यात," अक्का म्हणाली, "पण तिचं आधीपासून..."

"त्यांना बोलू द्या."

"अक्का," धाकटी म्हणाली, "तू बाहेर बस."

अक्का बाहेर बाकावर बसली. आतून धाकटीचा आवाज येत होता, सलग, न अडखळता. ती एवढं बोलते, हे अक्काला नवीन होतं.

निकाल आला तो चांगला नव्हता. विषाणू होताच, पेशीही बदललेल्या होत्या. मोठ्या दवाखान्यात पाठवलं, तिथे दुर्बिणीतून बघायचं ठरलं. आत जाताना धाकटी म्हणाली, "घरची दुर्बीण बाहेर बसवून परक्याच्या दुर्बिणीखाली चाललेय." अक्काला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडू, म्हणून ती पाणी प्यायला उठली.

छोटा तुकडा काढून तपासला. पुन्हा थांबणं. मग डॉक्टरीणबाईंनी दोघींना बसवून सांगितलं, की बिघाड बराच आहे पण अजून वरच्या वर आहे, कॅन्सर झालेला नाही. तेवढा भाग काढून टाकू, संध्याकाळी घरी. नंतर मात्र ठरल्या वेळी येत राहायचं, आणि मधेच रक्त गेलं तर वयावर ढकलून घरी बसायचं नाही.

"त्या वेळीच परत आले असते तर?" धाकटीने विचारलं.

"कदाचित काहीच करावं लागलं नसतं. कदाचित बिघाड लहान असताना सापडला असता. आणि आणखी काही वर्षं आला नसतात, तर आज काय सांगितलं असतं ते मला माहीत नाही."

काम नीट झालं. धाकटी संध्याकाळी घरी आली, दोन दिवसांनी मशीनवर बसली. अक्काला वाटलं होतं, एवढं निभावलं की छातीवरचं ओझं उतरेल. ते उतरलं नाही. देहाचं वेळेत सापडलं होतं. दुसरं जे उसवलं होतं, ते तसंच होतं.

एका रविवारी ती बस पकडून त्या दुसऱ्या गावच्या माल उतरवायच्या आवारात गेली. टेम्पोवाला चाकापाशी उकिडवा बसला होता. तिला बघून उठला, एक रिकामी पेटी पुढे सरकवली. "बसा, अक्का."

तिने उभ्यानेच सगळं सांगितलं. तो ऐकत होता आणि हातातल्या फडक्याने तेच बोट पुन्हा पुन्हा पुसत होता. टेम्पोच्या काचेमागे, स्टिअरिंगशेजारी, लहान पोरीची एक गुलाबी चप्पल पडली होती.

"हे मला कशाला सांगता आता?" तो म्हणाला.

"तुम्हाला कळायला हवं म्हणून."

"मी काय केलं नाही ते मला माहीतच होतं, अक्का. ते मला तुम्ही सांगायची काय गरज? तुम्ही शंभर बोलला असतात तरी चाललं असतं. मी तिला विचारलं होतं."

"तिलाही माहीत होतं."

त्याचं पुसणं थांबलं. "मग ती बोलली का नाही?"

"मी बोलत होते."

मागे कोणीतरी पेट्या मोजत ओरडत होतं. तो तिकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, "बरी आहे ना?"

"बरी आहे."

"मग झालं."

"घरच्यांनाही एकदा तपासून घ्या म्हणावं. भिऊन नाही, सगळ्याच बायकांनी करायचं असतं. आणि पोर जरा मोठी झाली की तिला लस असते याची. सिस्टर म्हणाल्या."

त्याने मान हलवली आणि ताडपत्रीकडे वळला. गाठ मारून खेचून बघायची सवय तीच होती.

धाकटीला तिने एवढंच सांगितलं, की तो बरी आहे ना म्हणून विचारत होता.

"काय सांगितलंस?"

"बरी आहे म्हणलं."

"आणि पोरगी कोणासारखी आहे?"

"चप्पल बघितली फक्त."

धाकटीने दोरा दाताने तोडला. "केवढी होती?"

अक्काने तळहातावर बोट आडवं ठेवून दाखवलं. धाकटीने त्या तळहाताकडे बघून घेतलं आणि पुढचं कापड ओढलं.

त्याच महिन्यात कारखान्यात तपासणीची गाडी पुन्हा येणार असल्याचं कळलं. जेवणाच्या सुट्टीत नळावर बोलणं निघालं. "नको बाई," बाहीवाली म्हणाली, "त्या कॉलरवालीचं काय झालं बघितलं ना. धडधाकट संसार गेला." मग अक्का मागे उभी असल्याचं तिला दिसलं, आणि ती डबा घासायला लागली. चार वर्षांत गाडी दोनदा येऊन गेली होती. दोन्ही वेळा या रांगेतली एकही बाई पडद्याआड गेली नव्हती. त्याचं कारण अक्काला आज कळत होतं.

तिने डबा नळाखाली धरला. "मला आलंय पॉझिटिव्ह," ती म्हणाली.

बाहीवालीने डब्यावरून मान वर केली.

"पण अक्का, तुमचे तर..." बाहीवाली म्हणाली.

"नाहीत. बारा वर्षं नाहीत. आता सांगा बघू कोणाच्या हातचं ते."

कोणी हसेना. शेवटी म्हातारी बटणवाली नाकातून फुसकन हसली, मग बाकीच्याही थोड्या हसल्या.

"नाही सांगता येत," अक्का म्हणाली. "कोणालाच नाही. मी इथेच उभी राहून सांगितलं होतं, आणि खोटं सांगितलं होतं. त्या माणसाचा काही दोष कागदावर नव्हता. बहिणीला मी परत जाऊ दिलं नाही, ते तिच्या जिवावर बेतलं होतं. थोडक्यात निभावलं. तुम्ही जा किंवा नका जाऊ. पण माझ्यामुळे राहू नका."

घंटा झाली. बायका डबे उचलून आत गेल्या. कोण जाणार, कोण नाही, हे त्यांच्या पाठीवरून काही समजत नव्हतं.

अक्काने टेबलावरचा दिवा लावला, पहिला शर्ट उलटा केला. कॉलर ठीक, खांदा ठीक. डाव्या कफाला चुणी. तिने अंगठा फिरवला. कोणाची ते अंगठ्याखालीच कळलं. शर्टाचं कळतं तिला अजून.

"कफवाले, हा परत घे," तिने हाक मारली. "आधी सुई बदल, मग शिव."

आणि पुढचा शर्ट ओढला.